रिकाम्या खुर्चीचा डाव

१

रविवारी मोंढा बंद असतो. हमाल नाहीत, ट्रकांचे हॉर्न नाहीत, कबुतरं तेवढी पत्र्यावरून उतरून सांडलेले दाणे टिपत असतात. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वीरण्णाची अडत आहे आणि अडतीच्या वर एक खोली आहे. बाकीचे अडते रविवारी लग्नं गाठतात, जेवून आडवे होतात, नाहीतर बायकापोरांना घेऊन लातूरला खरेदीला जातात. वीरण्णा मात्र पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून अकराच्या ठोक्याला वरच्या खोलीचं कुलूप काढायचा आणि लढाईच्या तयारीला लागायचा.

खोलीत आठ फूट लांब प्लायवुडचं टेबल होतं. त्यावर उदगीर आणि भोवतालचा मुलूख रंगवलेला होता: किल्ला, खंदक, ओढे, औशाकडे जाणारी वाट. फौजा दाण्यांच्या. हरभरा म्हणजे घोडदळ, तूर म्हणजे पायदळ, एरंडीच्या बिया म्हणजे तोफा. एका बाजूचे दाणे शाईत बुडवून निळे केलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच. "चव्वेचाळीस वर्षांचा मानूस अन् दाणे मांडून बसतो," असं त्याची बायको शिल्पा येईल-जाईल त्याला सांगायची, आणि तेही खरंच होतं.

हे वेड तिसरीतलं. वीरण्णा आणि सोमेश एका बाकावरचे. किल्ल्याच्या पायथ्याला शाळा, त्यामुळे मधल्या सुट्टीत बुरूज आणि संध्याकाळी वाचनालय. लढायांचं पुस्तक आलं की सोमेश मोठ्यानं वाचायचा आणि वीरण्णा विचारायचा, "पण तवा घोडे कुठं होते?" मग गोदामातून मूठमूठ दाणे चोरायचे आणि फरशीवर घोडे कुठं होते ते मांडून बघायचं. सातवीपर्यंत दोघांनी पानिपत इतक्यांदा लढलं, की शेवटी शेवटी मराठे सहज जिंकायला लागले.

पुढे सोमेश लातूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागला आणि वीरण्णा अडतीच्या गादीवर बसला. जगात मोठी माणसंही हा खेळ नियम लिहून खेळतात, त्याला वॉरगेम म्हणतात, हा शोध सोमेशनंच लावला. नियम त्यानं लिहिले, नकाशा त्यानं काढला. वीरण्णाची त्यात एकच गोष्ट होती. रुमाल.

वीरण्णाच्या वडिलांच्या, बसवराजअप्पांच्या काळी मोंढ्यात भाव ओरडून ठरत नसे. घेणारा आणि देणारा हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलत. कुठलं बोट, कितवं पेर, किती वेळा, यात सगळं आलं. भोवती उभ्या दहा जणांना पत्ता लागत नसे. याला हत्ता म्हणायचे. आता सगळा उघड लिलाव झाला, पण वीरण्णाच्या बोटांत ती भाषा राहिली होती. तीच त्यानं खेळात आणली, भावाच्या आकड्यांजागी फौजा आणि नकाशावरची ठिकाणं बसवून. दोन सेनापती टेबलाच्या दोन टोकांना. पंच प्रत्येकाकडे जाणार, रुमालाखाली हुकूम घेणार, मग दोन्ही फौजा हलवणार आणि कोण कुठून कुठं गेलं याची खडूनं रेघ ओढणार. समोरच्याला आधी काही कळायचं नाही. सोमेश तेव्हा म्हणाला होता, "वीरण्णा, असला नियम अख्ख्या जगात कुणाकडं नसंल." वीरण्णानं ते वाक्य अजून जपून ठेवलं होतं.

२

पंच सोमेश, एका टोकाला वीरण्णा, दुसऱ्या टोकाला रामकिशन. रामकिशन बँकेत होता, सहा वर्षं तो नेमानं आला आणि नेमानं हरला. दिवाळीनंतर त्याची हदगावला बदली झाली.

"आता?" वीरण्णानं विचारलं.

"बदली त्याची झाली, आपली न्हाई," सोमेश म्हणाला. "त्याच्या बाजूनं मीच खेळतो. पंचबी मीच. माझ्यावर भरोसा हाय ना?"

भरोसा होताच. उलट वीरण्णाला मनातून बरंच वाटलं. आता दोघंच.

पहिल्या रविवारी सोमेशनं गंमत केली. वीरण्णाचे हुकूम घेतल्यावर तो रिकाम्या खुर्चीपाशी गेला, तिच्या हातावर रुमाल टाकला, खाली आपला हात सरकवला आणि वाकून म्हणाला, "बोला सेनापती, काय हुकूम?" दोघंही पोट धरून हसले. दुसऱ्या रविवारी त्यानं तेच केलं, जरा कमी हसत. संक्रांत येईतो हसणं थांबलं होतं. सोमेश त्या खुर्चीपाशी उभा राहायचा, हात रुमालाखाली, डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कलती. मधूनच मान डोलवायचा. एकदा तर त्यानं नकारार्थी मान हलवली, नीट न कळल्यावर माणूस हलवतो तशी, आणि हात पुन्हा आत घातला.

वीरण्णानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. त्याच्याकडून हुकूम घ्यायला सोमेशला पाऊण मिनिट लागायचं. तिकडे पाच मिनिटं, कधी सात.

आणि तो खेळ सोमेशचा नव्हता. सोमेशचा खेळ वीरण्णाला तोंडपाठ होता. घोडदळ शेवटपर्यंत राखून ठेवणार, डावीकडूनच चढाई करणार, ओढा आडवा आला की बिचकणार. ही फौज यातलं काहीच करत नव्हती. ती वाट बघायची. एखादं गाव तीन खेपा मोकळं सोडायची, आणि चौथ्या खेपेला वीरण्णाच्या ध्यानात यायचं की आपण त्या गावात शिरलोय आणि बाहेर पडायला वाट नाही. ओळीनं चार रविवार तो हरला. सोमेशकडून तो आधीही हरला होता, त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण आता सोमेश टेबलावर वाकून, लहान पोरासारखा लाल होऊन म्हणाला, "बघितलंस का, काय केलं त्यानं?"

"कुनी?"

"त्या बाजूनं, म्हणतो मी," सोमेश म्हणाला आणि दाणे गोळा करायला लागला.

त्या रात्री वीरण्णाला जेवण गेलं नाही. सवतीमत्सर म्हणतात तो बायकांनाच होतो अशी त्याची आजवर समजूत होती.

३

वीरण्णा व्यापारी माणूस. दाणा दाताखाली फोडून बघितल्याशिवाय तो मालाला हात लावत नसे. त्यानं हिशेबानं विचार केला: चाली सोमेशच्या नाहीत, म्हणजे त्याला कोणीतरी देतंय.

आधी त्यानं रामकिशनला फोन लावला. "अरे कशाचा डाव घेऊन बसलास वीरण्णा," तो हसला. "इथं कामानं बेजार झालोय मी. तीन महिने झाले, दाण्याला हात न्हाई लावला." रामकिशनला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तर तो सहा वर्षं हरत होता. मग वीरण्णाला मोबाइलचा संशय आला. असले खेळ मोबाइलवर असतात, यंत्रच चाल सांगतं म्हणे. पुढच्या रविवारी चार्जिंगच्या निमित्तानं त्यानं सोमेशचा फोन घेतला, खाली गल्ल्यात ठेवला आणि कुलूप घातलं. त्या रविवारी तो आजवरचा सगळ्यात वाईट हरला.

गुरुवारी त्यानं सोमेशच्या बायकोला, मंजुषाला फोन केला. निमित्त धपाट्यांचं. सोमेश दर रविवारी लातूरहून डबा आणायचा.

"धपाटे लई झकास झालते वहिनी."

"पुरत्यात ना भाऊजी? तिघांचे देते मी."

"तिघांचे?"

"हाव की. ह्यांनीच सांगितलं. रामकिशन भाऊजी गेले तरी तिसऱ्याचा डबा बंद करू नको म्हनले. नवीन मानूस लई चांगला खेळतो, त्याला उपाशी बसवनं बरं दिसत न्हाई." मंजुषा हसली. "काय जादू केली हो त्यानं? आठवडाभर घरात शीळ घालत फिरत्यात. लग्नातबी मी ह्यांना एवढं खूश बघितलं न्हाई. नाव काय त्यांचं?"

"सांगतो नंतर," म्हणून वीरण्णानं फोन ठेवला.

लहान डबा त्यानं पाहिला होता. मोठ्यातलं दोघं खायचे, लहान डबा सोमेश त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवायचा. दही असेल, असं वीरण्णा धरून चालला होता. जाताना सोमेश तो उचलून पिशवीत टाकायचा. तो उघडलेला वीरण्णानं कधीच पाहिला नव्हता.

यावर खरं तर माणसानं घाबरायला हवं. वीरण्णाही घाबरला, पण थोडं नंतर. आधी त्याला झोंबले ते दोन शब्द, लई चांगला. पस्तीस वर्षं तो सोमेशसमोर बसत होता. वीरण्णा चांगला खेळतो असं सोमेश घरी कधी एकदा तरी बोलला होता का? मंजुषाला परत फोन करून हे विचारावं, असं इतकं त्याच्या जिभेवर आलं की त्यानं फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

४

रविवारी सोमेश आला तेव्हा वीरण्णानं दाणे मांडले नव्हते.

"कोन हाय तो?"

सोमेशनं पिशवी खाली ठेवली. कोण म्हणून त्यानं विचारलं नाही, खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, आणि वीरण्णाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"मला न्हाई माहीत," सोमेश म्हणाला. "आधी वाटलं माझंच मन चाललंय. आपन एकटे दोन्ही बाजूनं खेळतो तवा होतं तसं. पन वीरण्णा, मला जे सुचूच शकत न्हाई ते मला कसं सुचंल?"

"म्हंजे त्या रुमालाखाली कुनी असतं."

"हुकूम असत्यात. एवढंच मला ठाऊक."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटलं की. पहिल्या खेपेला हात घेऊन पळालो असतो. पन चाल लई सुंदर होती रे." सोमेशचे डोळे चमकले. मग तो जपून म्हणाला, "राग मानू नको. तुझा हात मला पाठ हाय. तू बोट दाबायच्या आधी मला कळतं तू काय सांगनार. पस्तीस वर्सं झाली."

"मग?"

"मग एकदा मला त्याच्यासमोर बसू दे. नुसते हुकूम घेऊन कंटाळा आला. मला खेळायचंय त्याच्याशी. तू पंच हो."

 वीरण्णाच्या खोलीत, त्याच्या टेबलावर, त्याच्याच रुमालानं, त्यालाच उठवून दुसऱ्याला बसवायचं चाललं होतं. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण मग ध्यानात आलं, की पंच झालं तर त्या खुर्चीपाशी हात आपल्यालाच घालावा लागेल. खाली काही नसणार. रिकामी खुर्ची, जुना रुमाल आणि सोमेशचं चळलेलं डोकं. मग सोमेशला ते पटवायचं, लातूरला एखाद्या डॉक्टरला दाखवायचं आणि पुन्हा दोघांनी खेळायचं.

"होतो," तो म्हणाला.

५

दुपारचे दोन वाजले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. खाली रस्त्यावर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. सोमेश वीरण्णाच्या खुर्चीत बसला होता, उजवा हात खुर्चीच्या हातावर, त्यावर रुमाल.

वीरण्णानं आधी त्याचे हुकूम घेतले. सोमेशचा हात गरम, घामेजला होता. घोडदळ राखून ठेव, डावीकडून पायदळ पुढं. अगदी सोमेश. वीरण्णाला भरून आलं.

मग तो टेबलाला वळसा घालून रिकाम्या खुर्चीपाशी गेला. शेजारी स्टुलावर लहान डबा होता. त्यानं खुर्चीच्या हातावर रुमाल टाकला आणि हात खाली घातला. लाकूड लागलं. गुळगुळीत, उन्हानं कोमट. त्यानं दहा आकडे मोजले, मग आणखी दहा. काही नाही. त्याला हसू फुटलं, आणि सोमेशकडे बघून तो बोलणार तेवढ्यात त्याच्या करंगळीचं मधलं पेर कोणीतरी चिमटीत धरलं.

धरणं मोंढ्यातलं होतं. घाई नाही, जोर नाही. बोटं कोरडी, जाड, धान्याची धूळ बसल्यासारखी खरबरीत. डाव्या हातानं वीरण्णानं सदऱ्यावरून छातीवरचं इष्टलिंग घट्ट दाबून धरलं. पळावं असं पायांना वाटत होतं. पण बोटं बोलायला लागली होती, आणि वीरण्णाला ती भाषा कळत होती.

हजार घोडे मागं घ्या. ओढ्यापलीकडे, वडाच्या टेकडीआड. तोफा तशाच उघड्यावर राहू द्या.

वीरण्णानं नकाशाकडे पाहिलं आणि ती चाल त्याला दिसली. सहा खेपांनंतरचं सगळं दिसलं. सोमेशचं पायदळ तोफांच्या मोहानं कसं पुढे येणार, ओढा कसा त्याच्या पाठीशी राहणार. इतकं साधं आणि इतकं देखणं. हे त्याला साता जन्मांत सुचलं नसतं. सोमेश उगाच शीळ घालत फिरत नव्हता.

आणि हे त्याला पुरतं कळलं, म्हणूनच त्यानं ते केलं.

"तोंडानं कितीबी खोटं बोल, रुमालाखाली बोलू नको," असं अप्पा म्हणायचे. मोंढ्यात एका माणसानं एकदाच रुमालाखालचा शब्द फिरवला होता, त्याच्याशी पुढं कुणी हात मिळवला नाही. वीरण्णानं निळे हजार घोडे उचलले आणि ओढ्यापलीकडे न नेता सरळ पुढे, सोमेशच्या पायदळाच्या तोंडी नेऊन ठेवले. रामकिशननं ठेवले असते तसे. खडूनं रेघ ओढली.

सोमेश नकाशावर वाकला. "हा त्याचा डाव न्हाई."

"मला सांगितलं ते केलं."

"वीरण्णा."

"सांगितलं ते केलं म्हनलं ना! रोज का मानूस चांगलं खेळतो?"

 सोमेशनं डोळे मिटले. वीरण्णा पुढच्या खेपेसाठी मुद्दाम आधी रिकाम्या खुर्चीकडे गेला आणि हात रुमालाखाली घातला. लाकूड. त्यानं थोडा वेळ थांबून पाहिलं, बोटं पसरून चाचपलं. कोणी नव्हतं.

"हळू ना, वीरण्णा," टेबलाच्या त्या टोकाकडून सोमेश म्हणाला. "किती जोरात धरतोस."

वीरण्णा आठ फुटांवर उभा होता. "मी हिकडं हाय," तो म्हणाला. 

सोमेशनं डोळे उघडले. वीरण्णाकडे पाहिलं, मग आपल्या हातावरच्या रुमालाकडे. रुमाल मंद हलत होता. सोमेशचा चेहरा पांढरा झाला. वीरण्णा वाट बघत होता, की आता हा हात ओढून घेईल, ओरडेल, आपल्याकडे धावत येईल. सोमेशनं हात काढला नाही. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हुकूम मलाच सांगायलाय," तो कुजबुजला. "वीरण्णा, तू खाली जा थोडा वेळ."

"ही माझी खोली हाय."

"हाय ना. पन जा."

६

खाली अडतीत अंधारलेलं होतं, शटर पाडलेलं. सोयाबीनच्या थप्प्यांमध्ये वीरण्णा उभा राहिला.  भीती होती, पण राग मोठा होता. त्या बोटांनी आज आधी त्याला धरलं होतं. एका खोट्या चालीपायी त्याला टाकून सोमेशकडे गेली. आणि सोमेशनं, ज्याच्यासाठी तो खोटं बोलला त्यानं, त्याला हमालासारखं खाली पाठवलं.

वर खेळ चालू झाला. फळ्यांमधून सगळं ऐकू येत होतं. खडूची रेघ. दाण्यांचा टकटक आवाज, टेबलाच्या या टोकाला, आणि त्याच वेळी त्या टोकाला. सोमेशला दोन हात होते, पण आठ फूट लांब नव्हते. वीरण्णानं कानांवर हात ठेवले आणि मग काढले, कारण ऐकल्याशिवायही राहवत नव्हतं. सोमेश हसला. मध्येच "वा!" म्हणाला. वीरण्णाच्या चालीला तो कधी वा म्हणाला नव्हता.

मग दाणे थांबले. खुर्ची फळ्यांवर करकरली.

"वीरण्णा!"

हाक मोठी होती आणि तिच्यात हसू नव्हतं. वीरण्णाचा पाय पहिल्या पायरीवर गेलासुद्धा. तिथंच तो थांबला. आता आठवण झाली होय? चहा पाहिजे असेल, नाहीतर जिंकल्याचं सांगायचं असेल. एकदा हाक मारली की धावायला आपण काय नोकर आहोत? येऊ दे दुसरी हाक.

तो पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला. एका पोत्याची सुतळी सुटली होती, ती त्यानं निगुतीनं बांधली. रसवंतीचे घुंगरू वाजत होते. दुसरी हाक आली नाही.

मग तो वर धावला.

सोमेश खुर्चीतच होता. डोकं नकाशाच्या काठावर टेकलेलं, उजवा हात अजून रुमालाखाली. समोरच्या खुर्चीच्या हातावरचा रुमाल मधोमध उंच उठलेला होता. वीरण्णा दारातून बघत असतानाच तो सावकाश खाली बसला आणि लाकडाला चिकटला.

वीरण्णानं सोमेशच्या मानेला हात लावला. मान गरम होती. श्वास आहे की नाही ते त्याला समजेना. फोन त्याच्या खिशातच होता आणि दवाखाना दोन गल्ल्या सोडून. त्यानं फोन काढला, हातात घेतला, आणि त्याची नजर टेबलावर गेली.

निळ्या हजार घोड्यांची पहिली रेघ आता ओढ्यापलीकडे, वडाच्या टेकडीआड गेली होती. वीरण्णाची खोटी रेघ पुसून डाव पहिल्या खेपेपासून पुन्हा घेतलेला होता. तिथून पुढं खडूच्या रेघा निघाल्या होत्या, खेपेमागून खेप, अकरा खेपा, दोन्ही बाजूंनी. सोमेश डावीकडून आला नव्हता. तो ओढ्याला बिचकला नव्हता. पहिल्याच खेपेला त्यानं आपलं सगळं घोडदळ बाहेर काढलं होतं, आणि निळ्या फौजेनं त्याला असं उत्तर दिलं होतं, की पुढची रेघ बघितल्याशिवाय वीरण्णाला नजर काढता येईना.

फोन हातात तसाच होता. सोमेशची बोटं रुमालाखाली गार पडत चालली असतील हे त्याला कळत होतं. तो वाकून सातवी खेप वाचत होता. असा डाव त्याच्याशी कुणीच कधी खेळलं नव्हतं.